शून्य म्हणजे उत्तम

शून्य म्हणजे उत्तम, असं ज्याने कुणी ठरवलं त्या माणसाला मला एकदा समोर बसवायचं आहे. तो आता निवृत्त होऊन एल्बे नदीच्या काठाने सायकल हाणत असेल, हाणू दे बापडा. पण त्याचं मला निस्तरावं लागलं, आणि निस्तरताना जे घडलं त्याने माझं डोकं अजून फिरलेलंच आहे.

आमची ड्रेस्डेनची कंपनी हॉस्पिटलांसाठी एक पेटी बनवते. फ्रीझरला लावायची पेटी. आतलं तापमान ती सतत टिपते आणि एका कार्डावर साठवते. नर्सने बटण दाबलं की पडद्यावर आलेख येतो. पूर्वी कार्डावर जागा कमी असायची, म्हणून त्या शहाण्याने ठरवलं की तापमान लिहायचंच नाही, हव्या त्या तापमानापासून फरक किती तेवढाच लिहायचा. उणे वीस हवं आणि बरोबर उणे वीस आहे, तर शून्य. हुशारी होती, नाही म्हणत नाही.

आता कर्नलचं. कर्नल म्हणजे यंत्राच्या पोटातला मुख्य प्रोग्राम, आणि त्याचा जो भाग कार्डावरचा मजकूर वाचतो-लिहितो ती फाइल सिस्टीम. आमच्या पेटीची फाइल सिस्टीम कंपनीची स्वतःची होती, जुनी, आणि ती मला नीट करायला दिली होती. ती कार्ड वाचते ब्लॉक-ब्लॉकने, म्हणजे ठरावीक मापाच्या तुकड्यांनी. ब्लॉक मागायचा, आला का बघायचं, नाही आला तर वरच्या प्रोग्रामला सांगायचं की बाबा रे, नाही आला. एवढंच काम. पण हे एवढंच काम त्या कोडमध्ये जागोजागी, दरवेळी निराळ्या हाताने लिहिलेलं. कुणी ब्लॉक यायची वाट बघतो, कुणी न बघताच पुढे जातो. आणि एका ठिकाणी, नेमकं जिथून तापमानाच्या नोंदी वाचल्या जातात तिथे, कहरच होता. ब्लॉक वाचता आला नाही तर ती जागा शून्यांनी भरायची आणि वर कळवायचं, सगळं ठीक.

शून्य. म्हणजे कार्ड खराब झालं, नोंदी गेल्या, की पडद्यावर काय दिसणार? सरळ रेघ. उत्तम तापमान, फरक नाही.

मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा खुर्चीवरून उठले आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. समोर ट्राम वळत होती. शेजारच्या टेबलवरच्या मुलीने विचारलं, तब्येत बरी नाही का. मी म्हटलं, माझी बरी आहे.

हे मला एवढं का झोंबलं ते सांगायला हवं. माझा मुलगा वेळेच्या खूप आधी जन्मला. इथेच, ड्रेस्डेनमध्ये. ओंजळीत मावेल एवढा होता. मला दूध येईना. इथे हॉस्पिटलात फ्राउएनमिल्खबांक असते, म्हणजे दुसऱ्या आयांनी दिलेलं दूध गोठवून ठेवतात आणि अशा बाळांना देतात. माझ्या मुलाने ते दूध प्यायलं. कुणाकुणाचं ते मला माहीत नाही, त्या सगळ्या बायकांचे मी मनातल्या मनात पाय धरलेले आहेत. आणि ते दूध ज्या फ्रीझरमध्ये होतं त्याच्यावर आमच्या कंपनीची पेटी होती. तेव्हा ती माझी कंपनी नव्हती, पण पेटीवरचं निळं चिन्ह मी रोज बघत होते. एके दिवशी बाळाचं पोट फुगलं, दूध बंद केलं, सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले, इतक्या लहान बाळांचं होतं असं. मग हळूहळू उतरलं. आज तो सहा वर्षांचा आहे, मराठीत विचारलं की जर्मनमध्ये उत्तर देतो आणि सोफ्यावरून उड्या मारतो.

त्या आठवड्यांत मला जगवलं ते एका घराने. नवरा दूर हेर्त्सोगेनआउराख गावी कामाला, शुक्रवारी रात्री यायचा. आई-सासूबाई दोघींचेही व्हिसे अडकलेले. मराठी मंडळाच्या गणपतीत एकदाच भेटलेलं एक जोडपं होतं, पुण्याचं, आमच्यापेक्षा बरंच मोठं, म्हणून आमचे दादा आणि वहिनी. त्यांना कुठूनसं कळलं, आणि वहिनींचा डबा सुरू झाला. मुगाची खिचडी, डिंकाचे लाडू, कधी नुसती मऊ पोळी आणि तूप. दादा ऑफिसला जाताना तो हॉस्पिटलच्या दारात आणून द्यायचे. मी एकदाही डबा रिकामा परत केला नाही. काहीच नसलं तर चिमूटभर साखर, हॉस्पिटलच्या कॅन्टीनमधलं एक सफरचंद, काहीतरी घालूनच द्यायचे. आईने लावलेलं वळण. वहिनी रागवायच्या, अगं तुला सुचतं कसं या अवस्थेत. पण मला तेवढंच सुचत होतं.

हेच दादा आमच्या कंपनीत. तेव्हा सर्व्हिसला होते, हॉस्पिटलं फिरून पेट्या दुरुस्त करायचे. पुढे कर्नलच्या टीममध्ये आले, आणि मुलगा बालवाडीत जायला लागल्यावर त्यांनीच माझा अर्ज आत दिला. म्हणजे घरचं मीठ त्यांचं आणि ऑफिसचंही त्यांच्याच शब्दाने. फाइल सिस्टीमची राखणही त्यांच्याकडे. कुणीही बदल केला की तो त्यांनी बघून, मान्य करून मगच मूळ कोडमध्ये घालायचा, असा नियम.

मी कामाला लागले. मोठा बदल एकदम करायचा नसतो, त्याचे लहान लहान तुकडे करायचे. एकेक तुकडा म्हणजे एकेक पॅच, ज्याने त्याने वाचून पटवून घ्यावा एवढाच. आधी ब्लॉक वाचणारं एकच फंक्शन लिहिलं. वाचेल तर वाचेल, नाही तर स्पष्ट चूक सांगेल. मग एकेक जागा धरून तिथलं जुनं कोड उपटलं आणि या फंक्शनकडे वळवलं. शेवटच्या पॅचमध्ये ती शून्यं भरणारी जागा. तिथे आता ब्लॉक नाही आला तर पडद्यावर लिहून येणार होतं की या काळातल्या नोंदी वाचता येत नाहीत.

प्रत्येक पॅचच्या तळाशी लिहिणाऱ्याने आपल्या नावाची ओळ घालायची असते, साइन-ऑफ. हे मी केलं, याला मी जबाबदार, असा तिचा अर्थ. पॅच पुढे जाताना दुसऱ्या कुणी त्यात अक्षर जरी बदललं, तरी त्याने काय बदललं ते लिहून खाली आपलं नाव घालायचं. कर्नलचं काम करणारी जगभरची माणसं हे पाळतात. यात कुणी कुणावर पोलीस नेमलेला नाही. माणूस आपल्या नावाला जपतो, त्यावरच ते चालतं.

चाचणीसाठी नवं कोड दोन हॉस्पिटलांच्या पेट्यांत घातलं आणि दुसऱ्याच दिवशी दोन्हीकडून फोन. पेट्या कोकलायला लागल्या होत्या. नोंदी वाचता येत नाहीत, नोंदी वाचता येत नाहीत. लगेच मीटिंग. आमचा टीम लीड जर्मन आहे, अत्यंत सभ्य, कधी आवाज चढवत नाही, आणि मला त्याचा तोच सभ्यपणा असह्य होतो. तो म्हणाला, "आल्झो, हे बघ, तुझ्या बदलाआधी या पेट्या चालत होत्या."

मी म्हटलं, "चालत नव्हत्या. खोटं बोलत होत्या."

"ग्राहकाची तक्रार नव्हती."

"ग्राहकाला कळायला मार्गच नव्हता. कार्डं आधीपासून खराब आहेत. काढून बघा."

विक्री विभागाची बाई म्हणाली की एकदम सगळीकडे अशा सूचना झळकल्या तर आपण हॉस्पिटलांना काय तोंड दाखवायचं. सगळ्यांनी माना हलवल्या. गेनाऊ, गेनाऊ, म्हणजे बरोबर, बरोबर. कार्ड काढून बघूया असं एकाच्याही तोंडून निघेना. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. या देशात प्लॅस्टिकच्या कचऱ्यात कागद टाकला तर शेजारीण जिन्यात चिठ्ठी लावते, आणि इथे दुधाच्या फ्रीझरचं खोटं सरळ रेघेत दिसतंय तर सगळे गप्प. शेवटी टीम लीड म्हणाला, ही अडचण दूर कर, नाही तर सगळेच पॅच बाजूला ठेवू.

दादा त्या मीटिंगमध्ये होते. जेवणाच्या सुट्टीत माझ्यासमोर ताट घेऊन बसले आणि म्हणाले, "अगं, झाकली मूठ सव्वा लाखाची. तुझं कॉन्ट्रॅक्ट बेफ्रिस्टेट आहे, मुदतीचं, वसंतात संपतंय. हे पॅच गेले नाहीत तर तुला कायम कशाच्या जोरावर करतील? जरा जुळवून घे. आपण भले, आपलं काम भलं."

मी म्हटलं, "दादा, माझं काम हेच आहे ना पण."

ते हसले. मायेनेच हसले. म्हणाले, "बघतो मी काय करता येतं ते."

पुढच्या आठवड्यात पॅच मान्य झाल्याची मेल आली. सगळेच्या सगळे, शेवटचासुद्धा, आणि त्या दोन हॉस्पिटलांच्या पेट्यांतही ते गेले होते. मला वाटलं, दादांनी आत भांडून घेतलं. इथली रीत अशी की आनंद ज्याचा, केक त्याने आणायचा. मी नारळाच्या वड्या केल्या, ऑफिसच्या टेकुखेत, म्हणजे चहाच्या खोलीत, ताटात मांडून ठेवल्या. टीम लीडने दोन खाल्ल्या, कृती विचारली. हॉस्पिटलांतून तक्रार आली का, मी विचारलं. नाही, एकही नाही, म्हणाला.

एकही नाही म्हणाला तिथे मी अडकले. खराब कार्डं तर कुणी बदलली नव्हती. मग पेट्या गप्प कशा?

जागेवर येऊन मूळ कोड उतरवून घेतलं आणि माझा शेवटचा पॅच उघडला. माझं फंक्शन होतं. माझी वाक्यं होती. आणि मधोमध चार ओळी अशा होत्या ज्या माझ्या नव्हत्या. नोंदींचा ब्लॉक असेल आणि वाचता आला नाही तर शून्यांनी भर आणि वर ठीक म्हणून सांग. तेच. जुनं घाण कोड, माझ्या स्वच्छ फंक्शनच्या आत आणून बसवलेलं. तळाशी माझ्या नावाची ओळ. तिच्याखाली दादांची, नुसती मान्य केल्याची. काय बदललं त्याचा एक शब्द नाही.

वड्या खाऊन झालेलं ताट घेऊन मी टेकुखेत गेले. दादा तिथेच कप धूत होते. मी दार लोटलं आणि मराठीतच सुरू केलं.

"माझ्या पॅचमध्ये तुम्ही हात घातलात?"

"अगं हळू."

"घातलात का?"

"चार ओळी आहेत. बाकी सगळं तुझंच आहे की. किती सुंदर केलंयस. ते वाया गेलं असतं."

"खाली माझं नाव आहे, दादा."

"म्हणूनच ठेवलं ना. माझं घातलं असतं तर श्रेय मी घेतलं असं झालं असतं. तुझं कॉन्ट्रॅक्ट—"

"श्रेय? उद्या कुणी विचारलं हे खोटं कुणी लिहिलं, तर माझं नाव निघेल. मी लिहिलं असं. ज्या ओळींसाठी मी सगळ्यांशी भांडले, त्याच ओळी मी लिहिल्या असं."

ते म्हणाले, "तुझ्या भल्यासाठीच केलं गं."

हे वाक्य मला आयुष्यात इतक्या जणांनी ऐकवलंय की त्याची मला शिसारी आहे. परक्याने फसवलं तर माणूस तोंडावर शिव्या देऊ शकतो. आपलं माणूस भल्यासाठी फसवतं तेव्हा उलट आपणच कृतघ्न ठरतो. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. मी ताट सिंकमध्ये ठेवलं, आपटलं म्हटलं तरी चालेल, आणि जागेवर गेले.

माझाच पॅच मागे घेणारा पॅच मी लिहिला. कारण साध्या शब्दांत घातलं. माझ्या नावाखाली असलेल्या या ओळी माझ्या नाहीत, मला न विचारता घातल्या गेल्या आहेत, आणि यांच्यामुळे न वाचलेली नोंद उत्तम म्हणून दाखवली जाते. दादांचं नाव लिहिलं नाही. लिहायची गरजही नव्हती, मान्य करणारे तेच हे सगळ्यांना दिसत होतं. आणि तो पॅच एकट्या दादांना न पाठवता सगळ्यांना पाठवला, टीम लीडला, विक्रीला, आणि उपकरणांची सुरक्षितता तपासणारा आमच्याकडे एक वेगळा विभाग आहे, त्यांनाही.

संध्याकाळी वहिनींचा फोन. त्या कधी आवाज चढवत नाहीत, त्या दिवशी चढवला. "अगं, चार लोकांत त्यांची मान खाली घातलीस. घरी येऊन बोलली असतीस तर? खाल्ल्या मिठाला जागावं माणसाने."

मी म्हटलं, "वहिनी, मिठाचं मला आठवतंय."

"नाही आठवत तुला," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले. मुलगा येऊन बघून गेला. रागावलीस का, असं त्याने जर्मनमध्ये विचारलं. मी हो म्हटलं. माझ्यावर का, म्हणाला. नाही रे राजा, तुझ्यावर कशाला.

सुरक्षिततेच्या विभागाने मात्र कार्डं काढून बघितली. खराब होती, दोन्ही हॉस्पिटलांतली. माझा पॅच पुन्हा जसाच्या तसा लागला. सगळीकडच्या पेट्यांची कार्डं तपासायची ठरली. टीम लीड माझ्याशी पूर्वीइतकाच सभ्यपणे बोलतो, फक्त माझ्या कॉन्ट्रॅक्टचा विषय निघाला की हो, हो, बघूया, म्हणतो आणि घड्याळ बघतो. बघू दे. माझ्या नावाखाली माझ्याच ओळी आहेत.

त्यानंतरच्या शनिवारी दादा घरी आले. एकटेच. हातात डबा. "वहिनीने पाठवलाय," म्हणाले. "ती बोलली त्या दिवशी, पण तिला करमेना." डब्यात पुरणपोळ्या होत्या. मी त्या ताटात काढल्या, चहा टाकला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मुलगा सोफ्यावरून उड्या मारत होता. दादा त्याच्याकडे कौतुकाने बघत म्हणाले, "इतकं रान उठवलंस. पण तूच बघ, त्याच फ्रीझरमधलं दूध प्यायलाय ना हा? काही झालं का? कसा धडधाकट आहे."

मी चहा गाळत होते. त्याच, म्हणजे खोटी रेघ दाखवणाऱ्या फ्रीझरमधलं, असं ते म्हणाले; हे त्यांना कसं ठाऊक? मी म्हटलं, "दादा, तेव्हा तुम्ही सर्व्हिसला होता. ते हॉस्पिटल तुमच्याकडेच होतं."

त्यांनी पोळीचा तुकडा मोडला.

"त्याचं पोट फुगलं होतं त्या आठवड्यात तुम्ही डबा घेऊन वरपर्यंत आला होतात. हातात टूलबॉक्स होती. मला वाटलं, इतर कुठे काम असेल."

तो ताटात ठेवून ते म्हणाले, "कार्ड खराब निघालं होतं. बदललं मी."

"मधल्या काळात फ्रीझर बंद पडला होता का?"

"कळायला मार्गच नव्हता गं. सगळी शून्यं होती." मग म्हणाले, "तू कशी बसलेली असायचीस त्या काचेपाशी, बाळाकडे बघत. तुला कसं सांगणार होतो? आणि सांगून काय झालं असतं?"

"डॉक्टरांना सांगितलंत?"

त्यांनी चहाच्या कपाकडे बघितलं. मुलाने तेवढ्यात उडी मारली, पडला, हसला, पुन्हा चढला. मी त्याला ओरडले नाही.

दादा उठले. मी म्हटलं, थांबा, डबा घेऊन जा. मी तो घासला, फडक्याने आतून-बाहेरून कोरडा पुसला. साखरेची बरणी हाताशीच होती, ती उघडली नाही. झाकण लावून डबा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो किंचित हलवून बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि जिना उतरून गेले.